दिव्यात तेल कुणी घातलं

१

दसऱ्याच्या सकाळी हवालदार हंबीररावांनी खेळाच्या खोलीचं कुलूप काढलं, तेव्हा त्यांना आधी दिवा दिसला आणि मग ढोल.

ढोल जागच्या जागी होता. अंबाबाईच्या तसबिरीसमोर, झेंडूची माळ घातलेला. पण दाराकडच्या बाजूचं कातडं वरपासून खालपर्यंत उघडं पडलं होतं. जुनं होऊन उसवलं असतं तर कडेनं उसवलं असतं. हे मधोमध, सरळ रेघेत कापलेलं होतं.

हंबीरराव उंबऱ्यातच थांबले. पलटणीतनं पेन्शनीत आल्यावर ते माळवाडीच्या हायस्कुलात ड्रिल मास्तर म्हणून लागले. गेल्या साली शाळेचं लेझीम पथक तालुक्यात पहिलं आलं. यंदा, म्हणजे शहात्तर साली, जिल्ह्याला निवड झाली होती आणि दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सांगलीला जायचं होतं. पथकाचा जीव या ढोलात होता, आणि ढोलाचा जीव नाथाजीच्या हातात. नाथाजी दहावीला होता. जत तालुक्यातलं धनगराचं पोर, बाप मेंढरांमागं आणि हा इथं बोर्डिंगात.

काल खंडेनवमी. हत्यारं पुजायची आणि दसऱ्याच्या पूजेपर्यंत हलवायची नाहीत, ही गावाची रीत. शाळेतही तसंच. सुतारकामाचे मास्तर आकाराम तापानं घरी झोपलेले, म्हणून मांडणी हंबीररावांनीच केली होती. करवती, रंधे, पटाश्या सगळ्या एका रांगेत, टोकं तसबिरीकडं, परेडला उभी केल्यासारखी. पाण्यात कालवलेल्या कुंकवाचं एकेक बोट प्रत्येकावर. मग ढोल, लेझिमा, तालुक्याची ढाल.

आता त्यांनी रांगेवर नजर टाकली. सगळी हत्यारं तशीच होती. फक्त एक रुंद पटाशी उलटी होती. मूठ तसबिरीकडं, धार दाराकडं.

ते वाकून ढोलाशी गेले. कापलेल्या कातड्याच्या वरच्या काठावर हळदीचं ठळक बोट होतं आणि त्याच्यावर कोरडं कुंकू. थोडी पूड फटीतनं आत ढोलात सांडली होती. म्हणजे बोट लावलं ते कापल्यावर.

आणि मग ज्या गोष्टीनं त्यांचे डोळे पहिल्यांदा ओढून घेतले होते तिकडं ते वळले. काल तिन्हीसांजेला त्यांनी पणतीत तेल घातलं होतं ते बेतानं, रात्री कधीतरी विझेल इतकंच. आता सकाळ झाली तरी पणती तेवत होती आणि तिच्यात अजून तेल होतं. वात पुढं सारून सारखी केलेली होती.

खोलीला एकच दार. कुलपाला दोनच किल्ल्या, एक त्यांच्याकडं आणि एक आकारामकडं. कुलूप शाबूत होतं.

कुणीतरी आत आलं, देवीच्या दिव्यात तेल घातलं, आणि ढोल फाडून गेलं.

२

पूजेला म्हणून आलेलं पथक दारात गोळा झालं. नाथाजी पुढं आला, ढोलाला हात लावायला वाकला आणि हात न लावताच परत उभा राहिला.

देसाई हेडमास्तर आले. स्वच्छ धोतर, काळी टोपी. त्यांनी एकदा ढोल पाहिला, एकदा खिडकी पाहिली. खिडकीच्या गजांखाली, फरशीवर पिवळी पूड विखुरली होती.

"हे काय आहे?"

विजयमाला म्हणाली, "भंडारा आहे सर. काल सांजच्याला नाथाजी खिडकीपाशी होता. मी देवळाकडं जाताना बघितलं."

विजयमाला दहावीतलीच. पाचवीपासून पहिला नंबर तिचा होता. गेल्या सहामाहीला तो नाथाजीनं काढून घेतला, तेव्हापासून ती त्याच्याशी शब्दानंही बोलली नव्हती.

"खरं का रे?"

"व्हय सर," नाथाजी म्हणाला. "आमच्याकडं आज बिरोबाची पालखी हाय. मला जाता येत न्हाई, म्हणून ढोलावर भंडारा टाकला. खिडकीतनंच टाकला. आत न्हाई गेलो."

"जाता येत नाही, असं का?"

"हवालदार सरांनी रजा दिली न्हाई."

हे खरं होतं. दोन दिवसांपूर्वी नाथाजीनं रजा मागितली होती आणि हंबीररावांनी पलटणीतल्या आवाजात नाही म्हणून सांगितलं होतं. पोरगं तणतणत गेलं होतं. सगळ्यांनी ते बघितलं होतं.

हेडमास्तरांनी मान डोलावली. "ढोलच राहिला नाही तर सांगली नाही. सांगली नाही तर सुट्टी. आणि किल्ली? हवालदार, हा तुमच्या घरी पाणी भरायला येतो ना? किल्ली कुठे असते तुमची?"

"खुंटीला," हंबीरराव म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं.

"ढोलावर भंडारा, फरशीवर भंडारा, कपाळावर भंडारा. अजून काय पाहिजे?" त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. "संध्याकाळी सोनं लुटायला सगळा गाव मैदानात जमेल. त्याच्याआधी याचा दाखला याच्या हातात देतो. अशा मुलाला मी मार्चपर्यंत शाळेत ठेवणार नाही."

मार्चमध्ये दहावीची परीक्षा होती. मधेच दाखला घेतलेल्या पोराला कुठली शाळा फॉर्म भरू देणार? मेंढरं मात्र वाट बघत होती.

"संध्याकाळपर्यंत थांबा," हंबीरराव म्हणाले.

"थांबतोच आहे. पण तुम्ही काय शोधणार?"

"दिव्यात तेल कुणी घातलं, ते."

हेडमास्तरांना वाटलं, माणूस बायको गेल्यापासून जरा हललेलाच आहे.

३

पहिलं नाव सगळ्यांच्या मनात आलं होतं, फक्त कुणी घेतलं नव्हतं. लालासाहेब. नाथाजीच्या आधी ढोल त्याच्या गळ्यात असायचा. बाप नानासो पाटील गावातला मोठा बागायतदार आणि शाळेच्या कमिटीवर. हंबीररावांनी ढोल काढून नाथाजीला दिला त्या दिवशी लालासाहेब लेझीम टाकून घरी गेला होता. आणि कालच्या पूजेला तो आला नव्हता. आजही नव्हता.

नानासो सोप्यात बसले होते. बसा म्हणाले नाहीत.

"आलं ध्यानात," ते म्हणाले. "ढोल फाटला, मग पाटलाच्या पोराला इचारा."

"काल पूजेला न्हाई आला त्यो. म्हणून आलो."

"हवालदार, एक सांगा. माझ्या पोराला ढोल परत पायजे हुता. फाटका ढोल घिऊन त्यो काय करंल?" नानासोंनी तंबाखू मळली. "जळतोय, ते खोटं न्हाई. रोज जेवताना नाथाजीचं नाव घेतो, घास खाली जात न्हाई त्याचा. मलाबी वाटतंय, मेंढरामागचं पोरगं फुडं आणि आमचं मागं. का वाटू नये? पण जळणं येगळं आणि पटाशी हातात घेणं येगळं."

आतल्या दारातनं बनुबाई, नानासोंची बायको, म्हणाली, "त्यांना सांगा की सुतकाचं."

"काय सांगायचं? सगळ्या गावाला ठावं हाय. चुलत्याला जाऊन तेरा दिस झालं न्हाईत. सुतकात पूजेला कसं यायचं? आमच्या घरात घटबी बसला न्हाई औंदा. देवळाची पायरी चढलो न्हाई कुणी."

हंबीररावांना ते ठाऊक नव्हतं. त्यांची बायको भामाबाई असती तर तिनं सांगितलं असतं. गावात कुणाच्या घरी काय चाललंय ते त्यांना तिच्याकडनं कळायचं. आता श्रावणापासून कुणी सांगत नव्हतं.

लालासाहेब गोठ्यापाशी उभा होता. हंबीरराव जवळ गेले तसा तो म्हणाला, "सर, कुठल्या बाजूचं फाटलं?"

"दाराकडच्या."

"धुमाचं का? घुमतंय ती बाजू?"

"व्हय."

पोरानं तोंड फिरवलं. "मी आसतो तर चाटीचं फाडलं आसतं. पातळ आसतंय. धुमाचं कातडं जाड, त्याला लय जोर लागतो. ज्यानं फाडलं त्याला ढोलातलं काय कळत न्हाई."

हंबीरराव परत निघाले. वाटेत त्यांच्या डोक्यात एकच घोळत होतं. ढोलातलं ज्याला कळत नाही त्याला ढोलाचा राग कशाला?

४

शाळेच्या व्हरांड्यात साळूबाई झाडत होती. शाळा झाडून तिनं तीन पोरं वाढवली होती, नवरा गेल्यावर.

"काल तिन्हीसांजंला इथं हुतीस का गं?"

"हुती की. पण मी त्या खोलीकडं गेले न्हाई. पूजा मांडलेली, मी कशाला जाऊ?"

"कोण दिसलं?"

"कोण न्हाई दिसलं ते इचारा. नवमीचा दिस, अंबाबाईला जायची वाट ही अशी शाळंवरनं. समद्या बाया ताटं घिऊन चालल्यावत्या. नव्या पातळांची नुसती फडफड." झाडू आपटून ती म्हणाली, "आपण आपलं बघायचं. आपल्याला आता कुठलं ताट."

हंबीरराव पुन्हा खोलीत गेले. त्यांना ती पटाशी नीट बघायची होती. दार उघडं होतं, कारण सकाळपासून येणं-जाणं चालूच होतं.

हत्यारांची रांग सरळ होती. पूर्ण सरळ. रुंद पटाशीही आता इतरांसारखीच, धार तसबिरीकडं करून ठेवलेली.

त्यांच्या पाठीमागं कुणीतरी खोकलं. आकाराम दारात उभे होते. अंगावर शाल, चेहरा उतरलेला. आकाराम सुतार शाळेतले सगळ्यात जुने मास्तर. हंबीरराव आल्यापासून दोघांचं बरं जमलं होतं. भामाबाई गेल्यावर तर आकारामच्या घरनं, शालूबाईकडनं, दुपारी डबा यायला लागला. भाकरी गरम असायची. त्या गरम भाकरीचा हंबीररावांना कधीकधी राग यायचा. आपल्या घरी चूल थंड, आणि याच्या घरी दारात उभं राहून वाट बघणारं माणूस. हा राग त्यांनी कुणाला दाखवला नव्हता. तो रोज दुपारी डब्याबरोबर उघडायचा आणि डब्याबरोबर झाकायचा.

"ताप उतरला का रं?"

"उतरला म्हणायचा."

"तू इथली पटाशी हलवलीस?"

"मी?" आकाराम हसले, पण हसू ओठांवरच राहिलं. "मी कशाला हलवू? आणि हलवायची आसती तर सगळीच उलटी केली आसती. देवाकडं धार करून ठिवलीयास, येडा का खुळा तू? सुताराच्या घरात पोरबी आसं करणार न्हाई. देवाकडं मूठ करायची आसती, गड्या."

"मला ठावं न्हवतं."

"न्हाई, तुला कसं ठावं आसणार."

"तुझ्याकडची किल्ली काल कुठं हुती?"

"उशाला. रातभर." आकाराम दुसरीकडं बघत होते. ते भिंतीकडच्या कोपऱ्याकडं बघत होते. तिथं लेझिमांचा एक ढीग पोत्याखाली टाकलेला होता. आकारामनी पूर्वी स्वतः लाकूड तासून केलेल्या त्या लेझिमा. सांगलीहून नव्या आल्यावर हंबीररावांनीच त्या तिकडं सारल्या होत्या. पूजेत मांडायचं त्यांना सुचलं नव्हतं.

आकाराम गेले. हंबीरराव पटाशीकडं बघत राहिले. सुताराच्या घरची रीत ज्याला ठाऊक होती, त्यानं सवयीनं मूठ देवाकडं करून ती ठेवली. आणि दुसऱ्या कुणीतरी, ती रीत मोडून, मुद्दाम धार देवाकडं फिरवली. लपवण्यासाठी. त्या उलट्या मुठीचा अर्थ सुताराशिवाय कुणाला कळणार?

सकाळपासून खोलीत येऊन गेलेला सुतार एकच होता.

५

दुपारी ते घरी गेले. चूल पेटवायचं मनात नव्हतं. शेजारची नाथाजीएवढी पोरगी दसऱ्याचा उंबरा पुजत होती. हंबीरराव ओट्यावर बसून उगीच बघत राहिले.

तिनं बोट हळदीत बुडवलं आणि उंबऱ्यावर टेकवलं. मग कुंकू घेतलं आणि त्या हळदीवर टेकवलं. पुढं सरकून पुन्हा हळद, पुन्हा कुंकू. तिचं लक्षही नव्हतं, ती कुणाशी तरी बोलत होती. हात आपला चालला होता.

भामाबाईचाही असाच चालायचा. रोज सकाळी, दाराला, तुळशीला, जात्याला. एकदा त्यांनी थट्टेनं विचारलं होतं, नुसतं कुंकू लावलं तर काय होतं गं. ती म्हणाली होती, हळदीबिगर कुंकू लावायला मी काय गडीमाणूस हाय का? आता त्यांच्या उंबऱ्यावर काहीच नव्हतं.

हंबीरराव ताडकन उभे राहिले.

काल पूजेत हळद नव्हतीच. ते विसरले होते. घरातनं कुंकवाचा करंडा घेतला, हळद घ्यायची सांगायला कुणी नव्हतं. सगळ्या हत्यारांवर त्यांनी नुसतं ओलं कुंकू लावलं होतं. मग ढोलावरची हळद आली कुठनं?

हेडमास्तर म्हणाले भंडारा. पण भंडारा मुठीनं उधळतात. तो फरशीवर पडला होता तसा, विखरून पडतो. ढोलावर मात्र बोट होतं. एकच बोट, जपून टेकवलेलं, आणि वर बरोब्बर मधोमध कुंकू. ते पोराच्या हाताचं नव्हतं. कुठल्याच गड्याच्या हाताचं नव्हतं.

बाई होती. ताट घेऊन देवळाला चाललेली. ढोल कापल्यावर तिला भीती वाटली असणार, पुजलेल्या वस्तूला हत्यार लावलं म्हणून. आणि भ्यायलेल्या बाईनं जे केलं असतं तेच तिनं केलं. हळदकुंकू वाहिलं, पाया पडली.

साळूबाईच्या हातात आता कुंकू येत नाही. बनुबाईच्या घरात सुतक, ती ताट घेऊन बाहेर पडलीच नाही. विजयमाला देवळाला गेली होती खरी, पण तिच्याकडं किल्ली कुठली? आणि पटाशीची मूठ देवाकडं करायची, हे तिला कोण शिकवणार?

राहिलं एकच घर. त्या घरातनं त्यांना आजही डबा आला होता. तो कोनाड्यात तसाच होता. त्यांनी तो उघडला नाही.

६

आकाराम पुढच्या खोलीत बसले होते. शालूबाई आत चुलीपाशी होती. हंबीररावांनी चपला काढल्या, आत आले, आणि खाली बसले.

"आकाराम, तू पटाशी फिरवलीस. धार देवाकडं केलीस."

आकारामनी शाल अंगाभोवती ओढून घेतली.

"कुणासाठी केलंस?"

"मीच फाडला ढोल," आकाराम म्हणाले. "लिव्हून घे कुठं लिव्हायचं ते. मी फाडला. तू आल्यापासनं माझी किंमत गेली, म्हणून फाडला."

"तू ताप अंगात घिऊन रातचा गेलास?"

"गेलो."

"आणि फाडून झाल्यावर काय केलंस?"

"काय करणार? आलो घरी."

"ढोलावर हळद लावलीस, मग त्याच्यावर कुंकू. तू लावतोस का कवा हळद? तुझ्या बापानं लावलीवती का?"

आकारामना हे ठाऊक नव्हतं. सकाळी त्यांनी फक्त पटाशी बघितली होती.

आतनं शालूबाई बाहेर आली. पदर खोचलेला, हाताला पीठ. तिनं नवऱ्याकडं बघितलंही नाही.

"भावजी, त्यांना सोडा. मी केलं."

"वैनी, तेल घालायला गेलावता न्हवं?"

"ह्यांनीच धाडलं. म्हणाले, हत्यारांचा दिवा रातभर ऱ्हाऊ दे, मला उठवत न्हाई, तू देवळाला जाताना घालून ये. किल्ली दिली. मी तेल घातलं. वात सारखी केली." ती थांबली. "मग मला त्या लेझिमा दिसल्या. पोत्याखाली. ह्या माणसानं रात-रात बसून तासल्यात त्या. हाताला फोड आल्यालं मी बघितल्यात. तवा शाळंत तुमी न्हवता, ढोल न्हवता, सांगली न्हवती. आंब्याखाली पोरं गोळा करून हे शिकवायचे. कुणी चहासुदीक पाजला न्हाई. आणि तुमी आला, दोन वरसात तुमच्या गळ्यात हार. हापिसात फोटू लागला, त्यात हे कडंला, निम्मं तोंड कापल्यालं. संमेलनात शाल तुमाला, नारळ तुमाला."

"मी काय मागितलं न्हवतं वैनी."

"न्हाई मागितलं. म्हणूनच लय लागतंय." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "रोज मी तुमाला भाकरी धाडते. बिचारा एकटा हाय म्हणून धाडते. आणि धाडताना वाटतंय, ह्यो माझी भाकरी खातोय आणि माझ्या माणसाची जागाबी खातोय. काल त्यो ढोल सगळ्यांच्या म्होरं, माळ घालून. पटाशी तिथंच पडलीवती. मला काय झालं ते मलाच कळलं न्हाई. कातडं फाटल्याचा आवाज आला तवा भानावर आले. मग घाबरले. हळदकुंकू लावलं, नाक घासलं."

हंबीररावांना हसू आल्यासारखं झालं आणि ते आलं नाही. ते या घरावर जळत होते आणि हे घर त्यांच्यावर.

"माझ्यापुरतंच आसतं तर मी गप बसलो आसतो," ते शेवटी म्हणाले. "ढोल कातड्याचा हाय, दुसरं चढवता येतंय. पण नाथाजीचा दाखला लिव्हून तयार हाय."

"नाथाजीचा?" शालूबाई म्हणाली. तिच्यापर्यंत हे आलंच नव्हतं. तिनं नवऱ्याकडं बघितलं. "तुमाला ठावं हुतं?"

आकारामनी मान खाली घातली.

"पोराचं वरीस जाईल, ठावं आसून तुमी गप बसला?"

"तुझ्यासाठी बसलो."

"मी काय सांगितलं हुतं का तसं?" तिनं पदराला हात पुसले. "भावजी, किती वाजता जमायचंय मैदानात?"

७

मैदानात सगळा गाव नव्या कपड्यांत होता. आपट्याची फांदी रोवलेली होती. हेडमास्तर खुर्चीवर, नानासो शेजारी. नाथाजी एका बाजूला उभा, पायापाशी पत्र्याची पेटी. बोर्डिंगातनं त्यानं ती स्वतःच भरून आणली होती.

शालूबाई गर्दीतनं सरळ खुर्चीसमोर गेली आणि जे घरात सांगितलं तेच सांगितलं. लेझिमांचं नाही सांगितलं. ते तिला गावासमोर काढायचं नव्हतं. हवालदारांवर जळून ढोल मी फाडला, पोराचा काही संबंध नाही, एवढंच. बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. आकाराम तिच्या मागं येऊन उभे राहिले, शाल अंगावर तशीच.

देसाई हेडमास्तरांनी टोपी काढून पुन्हा घातली. "असं आहे तर," ते म्हणाले. "ठीक आहे. झालं ते झालं. दाखला देत नाही. नाथाजी, पेटी घेऊन बोर्डिंगात जा."

"आसं न्हाई सर," हंबीरराव म्हणाले. "सकाळी सगळ्या पथकासमोर तुमी त्याला चोर ठरवलात. आता गावासमोर सांगा की त्यो न्हवता."

नानासोंनी त्यांच्याकडं रोखून बघितलं. हेडमास्तर उठले. त्यांनी खाकरून सांगितलं, नीट सांगितलं, शब्द गिळले नाहीत. विजयमाला मैत्रिणींच्या घोळक्यात होती. ती सगळ्यांआधी दुसरीकडं बघायला लागली.

मग शालूबाई नाथाजीपाशी गेली. दसऱ्याला लहानानं मोठ्याला सोनं द्यायचं असतं. तिनंच आपट्याचं पान त्याच्यापुढं धरलं.

नाथाजीनं ते घेतलं. खिशात ठेवलं. पाया पडला नाही.

"मावशी, तुमी हवालदार सरांवर जळत हुता," तो म्हणाला. "त्यांचा ढोल म्हणून फाडला. पण त्यो माझा हुता."

शालूबाईनं मान हलवली.

"सांगलीला नवं कातडं चढवून न्हेऊ," आकाराम घाईघाईनं म्हणाले. "उद्या दिवसभर ऊन हाय. मी चढवतो. हंबीरा, मी चढवतो."

"चढवा," नाथाजी म्हणाला. आणि पेटी उचलून रस्त्याकडं चालायला लागला.

हंबीरराव सायकल काढून त्याच्या मागं गेले. पेटी कॅरियरला बांधली आणि दोघं चालत आष्ट्याच्या रस्त्याला लागले. मिरजेकडची गाडी तिथनं मिळाली असती, पुढं जतला रात्रीचं पोचता आलं असतं. पालखी निघून गेलेली असणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. हंबीररावांनी ते काढलं नाही. रजा मी द्यायला पाहिजे होती, इतकंच ते म्हणाले. नाथाजी हूं म्हणाला.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "सर, तुमाला कळलं कसं?"

"हळदीवरनं. बोटानं लावल्याली हुती."

"हेडमास्तरांच्या घरातबी लावत आसतील की. त्यांना का न्हाई कळलं?"

हंबीररावांनी जरा विचार केला. "त्यांना पिवळं दिसलं आणि लगीच तू दिसलास."

गाडी आली. कंडक्टरनं पेटी वर टाकली. नाथाजी पायरीवर चढला आणि थांबला.

"परत येशील न्हवं?" हंबीररावांनी विचारलं. आवाज पलटणीतला राहिला नव्हता.

"येतो की. दहावी हाय." त्यानं दांडीला धरलं. "पहिला नंबर पुन्हा काढायचाय. पण सांगलीला ढोल लालासाहेबाला द्या. त्याला वाजवायची लय हौस हाय."

"आणि तुला?"

गाडी हलली. नाथाजी आत गेला, आणि हंबीररावांना खिडकीत त्याचं डोकं दिसलं. हंबीरराव गाडी दिसेनाशी होईपर्यंत रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभे राहिले, तो मागं वळून बघेल म्हणून.